स्पितीला कॅम्पर नेताय? आधी टाकी रिकामी करा

ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. लोकलमध्ये उभं राहून वाचा, चालेल.

मुलुंडहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतलाय आणि जानेवारीत शिमल्यामार्गे काझाला निघालेत. त्यांनी विचारलंय, "टाकीला थर्माकोल लावला तर पुरेल ना?"

ताई, नाही पुरणार.

आपल्याला थंडीचा अंदाजच नसतो, त्यात आपला दोष नाही. सांताक्रूझला आजवरचं सर्वात कमी तापमान नोंदलं गेलं ते २२ जानेवारी १९६२ ला, ७.४ अंश. म्हणजे अंधेरी-घाटकोपरच्या नळात पाणी गोठायची वेळ कधी आलीच नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपण फोटो काढायला धावतो. काझा मात्र साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तिथे जानेवारीत पारा रात्री शून्याच्या कितीतरी खाली असतो.

आता मुद्दा. पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण ९ टक्के जास्त जागा घेतो. पाइपात एका ठिकाणी बर्फाचा बूच बसतो, पुढे नळ बंद. मधल्या पाण्याला जायला जागाच उरत नाही, दाब वाढत जातो आणि सगळ्यात कमकुवत वस्तू फुटते. बहुतेकदा ती असते पंपाचं डोकं, नाहीतर वॉटर फिल्टरचं प्लास्टिकचं भांडं. टाकीत पाणी जास्त म्हणून ती उशिरा गोठते, बारीक पाइप आधी. आणि गंमत म्हणजे फुटलेलं लगेच कळत नाही. बर्फ वितळला की गादीखालून पाणी येतं, तेव्हा कळतं!

थर्माकोल उष्णता तयार करत नाही, फक्त ती बाहेर जायला उशीर लावतो. एखादी रात्र निभावेल, चार दिवस नाही.

मग करायचं काय? सिस्टीम कोरडी. आणि ती चंदीगड सोडायच्या आधीच, कारण वाटेत शिमला आणि नारकंडा लागतात, तिथेही जानेवारीत रात्री पाणी गोठतं. पहिल्यांदा गीझर बंद करून थंड होऊ द्या, नाहीतर रिकाम्या गीझरची कॉइल जळेल. मग टाकी आणि गीझर दोन्हींचे खालचे ड्रेन उघडा, गरम-थंड सगळे नळ उघडे ठेवा. शॉवरचा हँडल विसरू नका, तो खाली सोडा. पंप अगदी थोडा वेळ चालवून आतलं पाणी बाहेर काढा. फिल्टर सोडवून घरातच ठेवा.

तरी वाकणांमध्ये पाणी राहतंच. ते हवेने उडवायचं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालेल, पण दाब टायरला भरतो तेवढाच, ३०-३५ पीएसआय. एकेक नळ उघडून नुसती हवा येईपर्यंत थांबा. सिंकखालच्या यू आकाराच्या बेंडमध्ये उरलेलं पाणीही काढा.

इथे एक गोष्ट जरा ठासून सांगतो. काही जण "टाकीत गाडीचं कूलंट ओता, गोठणार नाही" असं सांगतात. अजिबात नको! बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी आहे आणि चवीला गोडसर, म्हणून लहान मुलांसाठी जास्तच धोक्याचं. कॅम्परच्या पाइपांसाठी मिळतं ते प्रॉपिलिन ग्लायकॉलचं मिश्रण वेगळं. पण नीट कोरडं केलंत तर त्याचीही गरज नाही. मिठाचा उपायही नको, पंप गंजेल.

प्यायला-धुवायला वीस लिटरचे जार केबिनमध्ये ठेवा, काठोकाठ न भरता. रात्री एक थर्मास भरून ठेवा, सकाळी त्यानेच चहा. लडाख-स्पितीत लोकही हिवाळ्यात नळावर विसंबत नाहीत, बादलीने पाणी आणतात. शौचालयही कोरड्या पद्धतीचं असतं, तेच वापरा. कॅम्परमधल्या फ्लशचा हट्ट सोडा.

आणि हो, पाणी गोठू नये म्हणून बंद गाडीत गॅसची शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतून उठायची संधीच मिळत नाही.

परत येताना मैदानी भागात उतरलात की टाकी पूर्ण भरू नका. आधी पाच-दहा लिटर घाला, पंप चालू करा, आणि टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू फिरवा.