मोतीचहा, काढा आणि नर्मदेचा घाट

बबल टीच्या पेल्यात मुळात चारच गोष्टी असतात : कडक काढलेला चहा, दूध, साखरेचा पाक आणि तळाशी बसलेले काळेभोर मोती. पेल्याचे तोंड मशीनवर पातळ पापुद्र्याने बंद केलेले असते. त्यात जाड नळी खुपसायची आणि चहा ओढता ओढता मोती चघळायचे, अशी ही रीत. शिजून फुगलेला मोती ८ ते १० मिलिमीटरचा होतो, म्हणून नळीही साधारण १२ मिलिमीटर रुंद लागते. दुकानाच्या भिंतीवर स्वादांची लांबलचक यादी असते आणि नवे गिऱ्हाईक त्या यादीतच हरवते. आंबा घ्यावा की लिची, चॉकलेट की जपानी माचा, यातच त्याचा वेळ जातो. पेय चांगले की सुमार हे मात्र मोत्यावर ठरते. त्यामुळे दुकानात शिरल्यावर स्वाद विचारण्याआधी मोती कधी शिजवले ते विचारावे.

हा मोती टॅपिओकाच्या स्टार्चचा, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याच कंदाचा. करण्याची कृती ऐकायला सोपी आणि हाताला अवघड आहे. काळपट साखर पाण्यात विरघळवून उकळी आणतात आणि तो उकळता पाक स्टार्चवर ओततात. पाक कोमट झाला तर सगळे फसते : स्टार्च पाण्यात नुसता तरंगतो, मुठीत धरला तर घट्ट वाटतो आणि मूठ सोडली की ओघळतो. उकळत्या पाकाने थोडा स्टार्च जागीच शिजतो, चिकट होतो आणि उरलेल्या कच्च्या स्टार्चला धरून ठेवतो. मोदकाची उकड ज्या तत्त्वावर जमते तेच हे तत्त्व. मळलेल्या गोळ्याच्या बारीक गोळ्या वळायच्या, एकमेकींना चिकटू नयेत म्हणून कोरड्या स्टार्चमध्ये घोळवायच्या आणि भरपूर उकळत्या पाण्यात सोडायच्या. त्या तळाला बसतात आणि काही वेळाने वर येतात. अर्धा तास उकळल्यावर आच बंद करून तेवढाच वेळ झाकण ठेवायचे, कारण बाहेरचा भाग शिजला तरी गाभा मागे राहिलेला असतो. मग गार पाण्यातून काढून साखरेच्या पाकात मुरवायच्या.

मोत्यातली खरी गंमत त्याच्या चिवटपणात आहे. तैवानमध्ये या चिवट, दाताला उलट धक्का देणाऱ्या पोताला ‘क्यूक्यू’ म्हणतात आणि त्याची चिकित्सा तिथे चवीइतक्याच गंभीरपणे होते. टॅपिओकाच्या स्टार्चचे कण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगू लागतात. त्यात अमायलोज हा घटक मक्याच्या स्टार्चपेक्षा कमी, म्हणून शिजलेला मोती गढूळ न दिसता पारदर्शक दिसतो आणि तुटण्याऐवजी ताणला जातो. तो गार होऊ लागला की स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ सरकतात, आतले पाणी बाहेर ढकलतात आणि मोती आतून कडक, खडूसारखा भुसभुशीत होतो. फ्रीजमध्ये ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणून चांगल्या दुकानात शिजवलेले मोती चारेक तासांत संपवतात आणि उरलेले टाकून देतात. सकाळी ११ वाजता केलेला मोती दुपारी ४ वाजता कोणत्याही सिरपने सुधारत नाही.

पहिला पेला साधाच मागवावा : काळा चहा, दूध, मोती, निम्मी साखर, कमी बर्फ. बर्फ जास्त असला तर मोती पेल्यातच आवळू लागतो आणि चहाची चव पातळ होते. साखरेच्या शून्य, ३०, ५०, ७० आणि १०० टक्के अशा पायऱ्या बहुतेक दुकानांत असतात. मोती आधीच पाकात मुरलेला असल्यामुळे शून्य टक्क्यांचा पेलाही बिनसाखरेचा नसतो, हे मधुमेही माणसाने ध्यानात ठेवावे. पहिला मोती चावताना कड मऊ लागावी, मध्यभागी दात थोडा अडावा आणि आत पिठूळ कण जाणवू नये. पाच मिनिटांत शिजणारे तयार मोती अनेक ठिकाणी वापरतात. ते गोड आणि मऊ असतात, पण त्यांत चावण्याचे सुख नाही. ‘पॉपिंग बोबा’ तर निराळाच पदार्थ आहे. फळांच्या रसाभोवती समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटचे पातळ कवच कॅल्शियमच्या द्रावणात जमवतात आणि ते दाताखाली फुटते. फळांच्या थंड चहात तो शोभतो. दुधाच्या चहात त्याचा आंबट रस नुसता व्यत्यय आणतो.

साबुदाण्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा मोती परका वाटत नाही, तरी दोघांत एक महत्त्वाचा फरक आहे. टॅपिओकाचा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर भारतात आला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत त्याच्या लागवडीला जोरदार उत्तेजन दिले. तमिळनाडूतल्या सेलमचा साबुदाणा उद्योग वाढला तो दुसऱ्या महायुद्धात, पूर्वेकडून येणारा माल थांबल्यावर. तिथल्या उत्पादकांची ‘सागोसर्व्ह’ ही सहकारी संस्था १९८१ मध्ये उभी राहिली आणि २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कारखान्यात कंद सोलून, किसून त्याचे दूध गाळतात. टाक्यांत ते निवले की तळाशी पांढराशुभ्र थर बसतो. कच्च्या कंदात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात, ती या किसण्या-धुण्यात निघून जातात. ओलसर थर फोडून, हेलकावे देऊन त्याचे दाणे करतात, तापलेल्या तव्यावर भाजतात आणि उन्हात वाळवतात. भाजण्याऐवजी वाफवला की नायलॉन साबुदाणा.

फरक या भाजण्यात आहे. तव्यावर दाण्याची कड अर्धवट शिजते, म्हणून साबुदाणा रात्रभर भिजवता येतो आणि सकाळी दाणा न् दाणा मोकळा राहतो. बबल टीचा कच्चा मोती गार पाण्यात टाकला तर विरघळून पांढरा गाळ होतो. त्याला थेट उकळतेच पाणी हवे. घरी भिजवलेला साबुदाणा चहात घालून बबल टी करण्याचे प्रयोग फसतात ते यामुळेच : भिजलेला दाणा लवकर शिजतो, पण खिरीसारखा मऊ पडतो. त्यापेक्षा थेट स्टार्च आणून उकड काढावी. खाली चघळायला आणि वर प्यायला, ही जोडी आपल्याकडे फालुद्याने कधीच रुजवली आहे. सब्जाचे बी पाण्यात पडताच अंगाभोवती बुळबुळीत आवरण धरते आणि शेवया तळाशी बसतात. इराण्याच्या हॉटेलात फालुदा खाल्लेल्या मुंबईकराला तळाशी बसलेल्या मोत्यांचे नवल वाटायला नको.

मोत्यांचा हा चहा तैवानमध्ये १९८०च्या दशकात जन्मला. ताइचुंगच्या ‘चुन शुई तांग’ या चहागृहात थंड चहा कॉकटेलसारखा हलवून फेसाळ करून देत. तिथल्या लिन श्यू-ह्वी यांनी त्यात टॅपिओकाच्या गोड गोळ्या घातल्या, असे ते चहागृह सांगते. ताइनानच्या ‘हानलिन’ चहागृहाचे तू त्सुंग-हे यांनीही हे पेय १९८६ मध्ये आपणच केल्याचा दावा मांडला. दोघांतला खटला वर्षानुवर्षे चालला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की या पेयाचे पेटंट होऊ शकत नाही, कोणीही करावे. इतिहास इतकाच पुरे. आता मोत्यांच्या चहाकडून झाडपाल्याच्या चहाकडे, आणि त्यासाठी नर्मदेच्या घाटावर.

जबलपूरच्या दक्षिण टोकाला नागपूरकडून येणारा महामार्ग तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. वरच्या अंगाला ग्वारीघाट, खालच्या अंगाला लम्हेटा आणि भेडाघाट. १९३९ मध्ये काँग्रेसचे त्रिपुरी अधिवेशन याच परिसरात भरले. गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये तिलवाऱ्याला नर्मदेत सोडल्या गेल्या आणि घाटावर त्यांचे स्मारक आहे. संक्रांतीला इथे मोठा मेळा भरतो. नर्मदाकाठी बारमाही व्रते आणि उपास, त्यामुळे दक्षिण अमेरिकेतल्या त्या कंदाचे दाणे इथे फराळाच्या पानात केव्हाचे मुरलेले आहेत. नागपूरहून गाडीने येणारे मराठी कुटुंब पुलावरून दोन मिनिटांत नदी पार करते. परिक्रमावासीयाला ही मुभा नाही. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवून चालायचे आणि पात्र कुठेही ओलांडायचे नाही, हा त्याचा नेम. १,३१२ किलोमीटरची नदी दोन्ही काठांनी चालायची, म्हणजे पुलाखालून जायचे आणि पूल सोडून द्यायचा.

या परिक्रमेचे वेड मराठी वाचकाला गो. नी. दांडेकर आणि जगन्नाथ कुंटे यांच्या पुस्तकांनी लावले आणि त्याबरोबर काठावरच्या चहाचेही. खेड्यात दूध असेलच असे नाही. मग पाहुण्याला मिळतो काळा चहा, कधी आले ठेचून, कधी तुळस टाकून. शहरातल्या ‘हर्बल टी’च्या दुकानात महाग पुडीतून जे मिळते त्यापेक्षा हा चहा अनेकदा सरस असतो. पाला ताजा असतो आणि उकळी पाहुण्यासमोर आलेली असते, एवढेच कारण. वरच्या अंगाला मंडला-डिंडोरीच्या जंगलांतून हिरडा, बेहडा, आवळा, कालमेघ येतो आणि जबलपुरातच पोलीपाथरला १९६३ पासून राज्य वन संशोधन संस्था आहे. झाडपाल्याचा चहा समजून घ्यायला याहून योग्य जागा थोड्या.

झाडपाल्याचे पेय जोखण्याची कसोटी आयुर्वेदाने कधीच घालून दिली आहे. शार्ङ्गधर संहितेत काढा, फांट आणि हिम असे तीन वेगळे प्रकार सांगितले आहेत. काढ्याला औषधाच्या सोळापट पाणी घेऊन ते आठव्या हिश्शावर आणायचे. फांटाला चौपट गरम पाणी ओतून कुस्करून गाळायचे. हिमाला सहापट गार पाण्यात रात्रभर भिजवायचे. मुळ्या, साली आणि कठीण फळे काढ्याची, पाने-फुले फांटाची, धने-वाळ्यासारखी थंड द्रव्ये हिमाची. गवती चहा पातेल्यात वीस मिनिटे खळखळ उकळला की त्याचा लिंबासारखा वास वाफेबरोबर जातो आणि उरते ते गवताचे पाणी. तो कात्रीने कापून, आच बंद केल्यावर टाकून, झाकण ठेवावा. तुळशीचेही तेच. सुंठ मात्र आधीपासून उकळावी. वाळताना आल्यातल्या जिंजेरॉलचा काही भाग शोगाओलमध्ये बदलतो, म्हणून सुंठ ओल्या आल्यापेक्षा जास्त झणझणते. दुकानात ज्येष्ठमध, दालचिनी आणि तुळस एकाच पुडीत घालून गरम पाण्यात दोन मिनिटे बुडवतात, तेव्हा तुळस येते आणि ज्येष्ठमध पुडीतच राहतो. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या मिश्रणात तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि काळी मिरी १ असे प्रमाण होते आणि ३ ग्रॅमची पूड १५० मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात घ्यायची होती. नाव ‘क्वाथ’ असले तरी कृती फांटाची. पूड बारीक असल्याने ते चालते.

चीनच्या दक्षिणेकडील क्वांगतोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये काढ्यांची दुकाने भर रस्त्यावर असतात. ‘वाँग लो कात’ या काढ्याची परंपरा १८२८ पर्यंत मागे जाते. चकाकत्या भांड्यांतून गडद काढा वाडग्यात ओतून देतात आणि गिऱ्हाईक उभ्या उभ्या पिऊन वाटेला लागते. तैपेईत लुंगशान मंदिराशेजारची वनस्पतींची गल्ली तर पाल्याच्या वासानेच सापडते : ओल्या जुड्या टांगलेल्या, खाली काढ्यांचे पिंप. तैवानच्या कडू चहात वापरली जाणारी एक वनस्पती म्हणजे आपला कालमेघ. मंडल्याच्या जंगलात तोच आणि कोकणात तोच पालेकिराईत या नावाने, पावसाळ्यात मुलांचे नाक धरून पाजला जातो. तळकोकणातल्या घरात वाढलेल्या माणसाला लुंगशानच्या गल्लीतला कडू पेला चवीवरून ओळखता येईल. घोट घोट घेत बसण्याचे हे पेय नाही. लहान पेला, एका दमात, मागाहून गुळाचा खडा.

झाडपाला आहे म्हणून निरुपद्रवी, हे मानणे मात्र चूक आहे. कालमेघ गरोदरपणी घेऊ नये. कडू लागणारा दुधीचा रस घोटभरही पिऊ नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने बजावले आहे. सकाळी बागांच्या फाटकावर रस विकणाऱ्यांनी प्रत्येक दुधी आधी चाखून पाहायला हवा. करोनाच्या काळात महिनोन्‌महिने गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद बाजूला ठेवला तरी काढा रोजच्या चहासारखा वर्षभर प्यायचा नसतो, तो काही दिवसांचा असतो आणि यकृताचा किंवा साखरेचा आजार असलेल्याने वैद्याला किंवा डॉक्टरला विचारूनच घ्यायचा असतो.

दोन्ही प्रकारची पेये एकाच फेरीत चाखायची असतील तर सुरुवात पानाफुलांच्या फांटापासून करावी, कारण जीभ गोड झाली की त्याचा हलका वास कळत नाही. मग मोत्यांचा चहा, निम्म्या साखरेचा, मोती ताजे असतील तरच. कालमेघ सगळ्यात शेवटी. त्याचा कडूपणा बराच वेळ जिभेवरून उतरत नाही आणि त्यानंतर प्यायलेल्या कशाचीही चव धड लागत नाही.