लस, सक्ती आणि कायदा

लस घेणें हितावह आहे कीं नाहीं, हा एक प्रश्न. ती न घेणाऱ्यावर सरकारनें सक्ती करावी कीं नाहीं, हा दुसरा. या दोहोंची गल्लत घरोघर होते, म्हणून त्यांतील भेद आम्ही येथें मांडीत आहों.

मुंबईंत देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यांत आली. सक्ती पुष्कळ मागाहून आली. मुंबई शहरासाठीं १८७७ सालीं कायदा झाला. १८८० च्या कायद्यानें मध्यप्रांतांतील नगरपालिकांस व छावण्यांस ती लावण्याची सोय झाली. आपला भंडारा जिल्हा त्या काळीं मध्यप्रांतांत मोडे. परंतु त्या मूळ कायद्यांत नाकाडोंगरीसारख्या खेड्यांचा समावेश नव्हता.

कोरोनाच्या सांथींत हाच वाद पुन्हां उठला. महाराष्ट्र सरकारनें २०२१ च्या जुलै-ऑगस्टांत आज्ञा काढून मुंबईच्या लोकल गाड्यांतून दोन्ही मात्रा घेतलेल्यांसच प्रवासाची मुभा ठेवली. त्या आज्ञा विहित रीतीनें काढल्या नव्हत्या, असें मुंबई उच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२२ मध्यें दाखवून दिलें. तेथें दोष लशीचा नव्हता, आज्ञेच्या रीतीचा होता.

पुढें २ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. निर्णय देणाऱ्या दोघांपैकीं न्यायमूर्ति भूषण गवई हे आपल्या विदर्भांतील, अमरावतीचे. घटनेच्या २१ व्या कलमानें शरीरस्वातंत्र्य रक्षिलेलें आहे. सबब कोणासही बळजबरीनें लस टोचतां येणार नाहीं. समाजाच्या आरोग्यासाठीं सरकारास निर्बंध घालतां येतील, पण ते संकटाच्या मानानें असावेत. लस न घेतलेल्यापासून संसर्गाचा धोका अधिक असतो, असा पुरावा सरकारांनीं पुढें आणला नव्हता. मात्र लसीकरणाचें धोरण न्यायालयानें वाजवीच ठरविलें. हा भाग पुष्कळांच्या वाचनांतून निसटतो, कदाचित् सोयीनें!

शिवाय पुराव्याची ती चर्चा कोरोनाच्या लशींपुरती होती. गोवराची गोष्ट निराळी. रोगी मूल खोलींतून गेल्यावरही त्याचे जंतु सुमारें दोन तास हवेंत राहतात, आणि लस घेतलेलें मूल बहुधा रोग घेतही नाहीं व देतही नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगांव येथें गोवर पसरून कांहीं बालकें दगावलीं. लस न घेतलेलीं मुलें रोग्यांत पुष्कळ होतीं. मोठ्या माणसाचें शरीर त्याचें स्वतःचें, हें खरें. तान्ह्या मुलाच्या वतीनें होकार वा नकार मात्र आईबापच देतात. गोवर-रुबेलाची लस सरकारी आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळते : पहिली मात्रा नऊ महिने पुरे झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांचे दरम्यान.