परसातील विहिरीचे मुखबंधन

गेल्या वैशाखात आमच्या कोकणातील घरी मुंज होती. पंगत उठण्याच्या गडबडीत पुतण्याची तीन वर्षांची मुलगी कोणास दिसेना. शोधता शोधता ती सापडली परसात. धुण्याच्या दगडावरून कठड्यावर चढून, विहिरीवर घातलेल्या फळ्यांवर तिने निवांतपणे भातुकली मांडली होती! तिला अलगद उचलून घेतल्यावर आम्ही त्यांतील एक फळी हाताने दाबून पाहिली, तो तिचा मधला भाग भुगा होऊन खाली पाण्यात पडला. ह्या फळ्या आमच्या तीर्थरूपांच्या वेळच्या होत्या, आणि त्या दरवर्षी बदलण्याचा आमचा संकल्पही तितकाच जुना होता.

त्याच रात्री ओटीवर खल झाला. पुतण्या म्हणाला, "काका, स्लॅब टाकून विहीर कायमची बंद करू." थोरल्या वहिनींना ते मुळीच रुचले नाही. "भाऊजी, सूर्य दिसला नाही की पाणी मरते," असे त्यांचे म्हणणे. वडीलधाऱ्यांचा हा समज बहुतेक घरांत आहे. परंतु उजेडाने पाण्यात शेवाळ वाढते, सावलीने ते कमी होते. तेव्हा झाकण्यास आमची हरकत नव्हती. बुजवण्यास मात्र होती, कारण चैत्र-वैशाखात नळ कोरडा पडला की हीच विहीर घर चालवते.

विहीर झाकणे ही काही नवी कल्पना नव्हे. अमरकोशात विहिरीच्या मुखबंधनास 'वीनाह' असा स्वतंत्र शब्दच आहे. मुंबईत तर डॉ. बेंटली ह्यांच्या १९११ सालच्या अहवालाने हिवतापाचा डास घरगुती विहिरींत वाढतो, ह्याकडे लक्ष वेधले होते.

आता साधनांचा विचार. ताडपत्री स्वस्त, पण आमच्या मते सर्वांत घातक. पावसाचे पाणी साचून तिच्यावर डबके होते, आणि मुलास ती जमीनच वाटते. मासेमारीचे नायलॉन जाळे पाने अडवते, मूल अडवीलच असे नाही. पत्रा खाऱ्या हवेत गंजतो. स्लॅब भक्कम खरा, परंतु गाळ काढण्यास माणूस उतरवणे अवघड होते आणि आतली हवा कोंडते. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. तो विझला तर उतरू नयेच, पण जळत राहिला म्हणून विषारी वायू नाही असे सिद्ध होत नाही.

शेवटी आम्ही लोखंडी जाळी पसंत केली. विहिरीचे तोंड ६ फुटांचे. अँगलचे अर्धवर्तुळाकार दोन भाग करून घेतले. त्यांत १२ मिलिमीटरच्या सळया ३-३ इंचांवर, आणि आडव्या ९-९ इंचांवर जोडल्या. एकेका भागाचे वजन ४० किलोच्या आसपास भरले, म्हणजे दोघांस उचलता येईल, मुलास नव्हे. एका भागात पोहरा जाईल अशी दीड फुटाची झडप, तिला बिजागरी आणि कुलूप. वरून इंचास १६ भोके असलेली बारीक जाळी बसवली. ही स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. साधी तार समुद्राकाठी टिकत नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आम्ही स्वतःच तीत फसलो. जाळी लागली तरी डास होतेच! जांभ्याच्या खडबडीत कठड्यावर लोखंडी कडे नीट टेकत नव्हते, शिवाय पंपाचा नळ जाण्यासाठी ठेवलेले भोक उघडेच होते. डासास तेवढी वाट पुष्कळ झाली. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. मग कड्याखाली सिमेंटचा सपाट थर दिला, नळाभोवती फट बुजवली आणि पाण्यात गप्पी मासे सोडले.

पाने आता जाळीवर साचतात. फणसाखालच्या विहिरीस त्यातून सुटका नाही. ती दर दोन दिवसांनी झाडण्याचे काम आमच्याकडे आले आहे. धुण्याचा दगडही कठड्यापासून चार हात दूर नेला. कुलपाची किल्ली देवघरातील खुंटीवर उंच असते, आणि पहाटे देवाचे पाणी काढून झडप लावल्यावर वहिनी ती स्वतःच्या हाताने परत तेथे अडकवतात.