न्यूरेंबर्ग संहिता

न्यूरेंबर्ग संहिता ही मानवावरील वैद्यकीय प्रयोगांसंबंधीची दहा तत्त्वांची संहिता होय. दुसऱ्या महायुद्धकाळात नाझी छळछावण्यांतील कैद्यांवर प्राणघातक प्रयोग करण्यात आले. त्याबद्दल न्यूरेंबर्ग येथे अमेरिकी लष्करी न्यायाधिकरणापुढे २३ जणांवर खटला चालला. त्यांपैकी २० जण डॉक्टर होते. ऑगस्ट १९४७ मधील निकालपत्रात १६ जण दोषी ठरले आणि ही तत्त्वे नमूद झाली.

अशा प्रयोगांविरुद्ध आंतरराष्ट्रीय कायदा नव्हता, असा बचाव मांडण्यात आला. तथापि खुद्द जर्मनीत १९३१ साली संमती आवश्यक ठरविणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत झाली होती.

हिपॉक्रटिसच्या परंपरेत रुग्णाचे हित वैद्य ठरवीत असे. संहितेच्या पहिल्या तत्त्वाने, धोके जाणून व दडपणाविना दिलेली ऐच्छिक संमती अनिवार्य ठरवून, प्रयोगाबाबतचा निर्णय त्या व्यक्तीच्या हाती दिला. प्रयोगातून मध्येच बाहेर पडण्याची मुभाही संहितेत आहे.

१९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने हा विचार पुढे नेला. तरीही अमेरिकेतील टस्कीगी येथे, पेनिसिलिन उपलब्ध असूनही, उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून केलेला अभ्यास १९७२ पर्यंत चालला. केवळ तत्त्वे लिहिल्याने ती पाळली जात नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.