‘मॅश’ : मुलांना कधी आणि कुठून

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १७ सप्टेंबर १९७२ रोजी ‘मॅश’चा पहिला भाग लागला. त्यात एका कोरियन पोराच्या शिक्षणासाठी पैसे उभे करायचे असतात. हो-जॉन हा लष्करी दवाखान्याच्या छावणीत पडेल ते काम करणारा पोरगा. हॉकआय पिअर्स शिकला त्याच कॉलेजात त्याला प्रवेश मिळतो, पण पैशांचं काय? मग हॉकआय आणि ट्रॅपर हे दोन सर्जन सोडत काढतात. बक्षीस काय, तर टोकियोची सुट्टी, सोबत एक देखणी नर्स. तिकिटं हातोहात खपतात आणि सोडत लागते छावणीतल्या पाद्रीबाबांना. मागून ध्वनिमुद्रित हशा पिकतो.

युद्धावरची विनोदी मालिका मुलांना दाखवावी का, असं कुणी विचारलं की आपलं लक्ष आधी रक्ताकडे जातं. शस्त्रक्रियेची टेबलं, रात्रंदिवस दारू, मधूनच येणारा मृत्यू. ‘मॅश’च्या अकरा मोसमांकडे आणि अडीचशेहून अधिक भागांकडे आज मागे वळून पाहिलं तर मला उलटंच वाटतं. रक्त आणि मृत्यू मुलांना झेपतात. अडचण होते ती या सोडतीची.

थोडी पार्श्वभूमी. रिचर्ड हॉर्नबर्गर नावाचा एक सर्जन कोरियन युद्धात ८०५५ क्रमांकाच्या फिरत्या लष्करी दवाखान्यात होता. रिचर्ड हूकर या टोपणनावाने त्याने १९६८ साली कादंबरी लिहिली, १९७० मध्ये रॉबर्ट ऑल्टमनने त्यावर सिनेमा काढला आणि दोन वर्षांनी लॅरी गेल्बार्ट व जीन रेनॉल्ड्स यांनी मालिका. दवाखान्याचा क्रमांक झाला ४०७७, कॅलिफोर्नियातल्या मालिबूचे डोंगर झाले कोरिया. नाव कोरियाचं आणि मनात व्हिएतनाम, हे त्या वेळच्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. पहिल्या वर्षी मालिका जेमतेम तगली. दुसऱ्या वर्षी शनिवारी रात्रीची चांगली वेळ मिळाली आणि मग तिने मागे पाहिलं नाही.

मुलांची काळजी तेव्हाही होती, फक्त तिचा रोख वेगळा होता. १९७५ च्या शरद ऋतूत अमेरिकन वाहिन्यांनी रात्री आठ ते नऊ हा ‘कौटुंबिक तास’ ठरवून टाकला. या वेळेत मुलंबाळं बसलेली असतात, तेव्हा भलतंसलतं नको, असा फतवा. ‘मॅश’ तेव्हा नेमकी शुक्रवारी साडेआठला होती; काही आठवड्यांतच तिला मंगळवारी नऊला हलवलं. लेखकांची संघटना आणि नॉर्मन लीअरसारखे निर्माते कोर्टात गेले आणि १९७६ मध्ये न्यायाधीशांनी हा प्रकार अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात असल्याचा निकाल दिला. वाहिनीच्या सेन्सॉरची नजर शब्दांवर असे. एकदा ‘व्हर्जिन’ हा शब्द कापला गेला, म्हणून गेल्बार्टने पुढे एक जखमी सैनिक मुद्दाम व्हर्जिन आयलंड्सचा दाखवला, असा किस्सा तो सांगत असे. नर्सची सोडत मात्र कुणाला खटकल्याचं ऐकिवात नाही.

माझ्या भाचीसोबत मी जुने भाग लावले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तिचा पहिला प्रश्न युद्धाबद्दल नव्हताच. “मामा, हे हसतंय कोण?” तंबूत चार माणसं, आजूबाजूला चिटपाखरू नाही आणि तरी दर वाक्याला खदाखदा. तिच्या पिढीला ही सवयच नाही. गेल्बार्ट आणि रेनॉल्ड्स यांनाही तो हशा नको होता. वाहिनी हटून बसली. शेवटी तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हशा वाजवायचा नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने तो सगळाच काढून टाकला होता आणि डीव्हीडीवर तो बंद करण्याची सोय आहे. मुलांना दाखवायची असेल तर ती सोय जरूर वापरा. हशा गेला की मालिका अर्ध्या सुरात खाली येते, आणि विनोद ही या लोकांची शुद्धीवर राहण्याची धडपड आहे, हे मुलांना आपोआप उमगतं. हशा गेला की फालतू विनोदही उघडे पडतात, हा वरचा फायदा.

आता मृत्यू. १८ मार्च १९७५ ला तिसरा मोसम संपला. दवाखान्याचा प्रमुख हेन्री ब्लेक, गोंधळलेला, मायाळू माणूस, सेवा संपवून घरी निघतो. सगळे त्याला हसतखेळत निरोप देतात. मग शस्त्रक्रिया चालू असताना कारकून रडार आत येतो, तोंडाला मास्क नाही, आणि तार वाचून दाखवतो : हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. हे शेवटचं पान बहुतेक नटांना चित्रीकरणाच्या अगदी आधी दिलं होतं. दृश्य दुसऱ्यांदा घेताना कुणाच्या तरी हातून एक अवजार खाली पडलं. तो खणखणाट त्यांनी तसाच ठेवला. त्या खोलीत रडारचं वाचून झाल्यावर ऐकू येतं ते एवढंच. टाके घालणारे हात थांबत नाहीत, कारण टेबलावरचा माणूस अजून जिवंत आहे.

चिडलेल्या प्रेक्षकांची पत्रं आली. विनोदी मालिकेत माणूस मारायचा नसतो, मुलं पाहत असतात. मला ही तक्रार कधीच पटली नाही. मुलांना मृत्यू माहीत असतो. घरातले आजी-आजोबा जातात. त्यांना चुकीचं वाटतं ते मेल्याचा काही परिणाम न होणं, आणि दूरचित्रवाणीवर बहुतेक वेळा तेच दिसतं.

‘होगन्स हीरोज’चंच बघा. १९६५ ते १९७१ या काळातली ही मालिका जर्मनांनी चालवलेल्या युद्धकैद्यांच्या छावणीत घडते. रक्ताचा थेंब नाही, शिवी नाही, आईबापांनी निर्धास्त लावावी अशी. छावणीचा मूर्ख कमांडंट क्लिंक करणारा व्हर्नर क्लेम्परर स्वतः नाझींपासून पळालेल्या कुटुंबातला. क्लिंक कधीच जिंकता कामा नये, या अटीवर त्याने काम घेतलं. कैद्याची भूमिका करणारा रॉबेर क्लारी बुखेनवाल्डमधून जिवंत परतलेला. नटांचा हा इतिहास पडद्यावर कुठेच उतरत नाही. हिटलरचं सैन्य म्हणजे बावळटांची टोळी एवढंच मुलाच्या हाती लागतं. मी दोन्हींतून निवडायचं तर रक्तवाली निवडेन.

‘मॅश’ चालता चालता मोठी झाली, हे तिचं वेगळेपण. चौथ्या मोसमापासून ट्रॅपरच्या जागी बायकोवर जीव टाकणारा बीजे आला, हेन्रीच्या जागी घोडदळातला जुना कर्नल पॉटर. त्या मोसमाचा शेवटचा भाग कृष्णधवल : एक वार्ताहर सगळ्यांच्या मुलाखती घेतो, हशा अजिबात नाही. पहिल्या वर्षांत अचकट टोपणनावाने हाक मारली जाणारी मुख्य परिचारिका मार्गारेट हूलिहान हळूहळू माणूस झाली. लोरेटा स्विटने त्यासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला. १९७६ च्या एका भागात ती आपल्या हाताखालच्या नर्सेसना विचारते की इतक्या दिवसांत मला कधी कुणी साधी कॉफी तरी विचारलीत का. भाचीने तो भाग दोनदा पाहिला. सोडतीचा भाग तिने अर्ध्यात बंद केला होता, मला न विचारता.

सगळं सुधारलं असं नाही. कोरियाच्या मातीवर घडणाऱ्या, अकरा वर्षं चाललेल्या मालिकेत कोरियन माणसं बहुतेक वेळा नोकर, अनाथ किंवा रुग्ण, आणि ती करणारे नट अनेकदा चिनी किंवा जपानी वंशाचे. वेडा ठरून घरी जाता यावं म्हणून बायकांचे कपडे घालणारा क्लिंगर आजच्या मुलांना विचित्र वाटतो : यात वेडेपणा कसला, असं ती विचारतात. जेमी फारने त्याला जीव लावला म्हणून तो तरला. बाकी हॉकआयची दारू, तीही आहेच. पुढे एका भागात ती सोडण्याचा प्रयत्नही आहे.

मुलांसाठी एकच भाग निवडायचा तर मी १९८० चा नाताळचा घेईन. चार्ल्स विंचेस्टर हा बोस्टनचा घमेंडखोर सर्जन. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे तो अनाथाश्रमात महागडी चॉकलेटं पोचवतो, नाव न सांगता. मग कळतं की आश्रमाच्या प्रमुखाने ती काळ्या बाजारात विकली. विंचेस्टर संतापून त्याला धरतो. तो माणूस शांतपणे सांगतो की त्या पैशांत मुलांना कित्येक दिवसांचा तांदूळ आणि कोबी मिळाला. विंचेस्टरचा चेहरा उतरतो. ज्याला जेवण नाही त्याला गोड देणं योग्य नव्हतं, हे तो स्वतःच कबूल करतो. तिकडे ऑपरेशन थिएटरमध्ये एका मरणाऱ्या सैनिकाला मध्यरात्र उलटेपर्यंत जगवण्याची झटापट चालू असते. त्याच्या पोरांनी नाताळ म्हणजे बाप गेला तो दिवस असं आयुष्यभर म्हणू नये म्हणून. ते जमत नाही, तेव्हा हॉकआय घड्याळाचे काटे पुढे सरकवतो. खोटं बोलणं कधी बरोबर ठरतं का, यावर आमच्या घरी तासभर वाद झाला.

तेव्हा बारा-तेराव्या वर्षापासून, चौथ्या मोसमापासूनचे सुटे सुटे भाग, कुणीतरी मोठं शेजारी बसून. पहिले तीन मोसम नंतर. सोळा-सतराव्या वर्षी मुलं ती सोडत पाहून स्वतःच बोलतील. शेवटचा भाग सगळ्यांत शेवटी. २८ फेब्रुवारी १९८३ ला लागलेला हा अडीच तासांचा भाग अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडावीत.) शत्रू जवळ असताना बसमध्ये एक कोंबडी ओरडते आणि एक बाई तिला गप्प करते, असं हॉकआयला आठवत असतं. ती कोंबडी नव्हती, तान्हं बाळ होतं. लहान वयात हे दाखवू नये, असं मला या मालिकेत फक्त इथे वाटलं.

तो भाग संपतो शस्त्रसंधीपाशी, २७ जुलै १९५३ ला. मराठी घरात मुलांना पुढचं सांगायला हवं. भारताची ६० वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली १९५० पासूनच तिथे जखमींना सांभाळत होती. शस्त्रसंधीनंतर मायदेशी जायला नकार देणाऱ्या वीस हजारांवर युद्धकैद्यांची राखण करायला भारतीय फौज गेली, तिचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीयांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देईनात, म्हणून अमेरिकनांनी त्यांना हेलिकॉप्टरने थेट दोन सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरलं तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. यावर आपल्याकडे विनोदी सोडाच, गंभीर मालिकाही निघाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मालमसाला तर भरपूर होता.