तुरुंगातली साथ, न्यायालय आणि आपला अर्ज

रविवारची वंदना आटोपली की विहारात काही जणी आमच्याशी बोलायला थांबतात. कुणाची साखर वाढलेली असते, कुणाच्या नातवाला जंत झालेले असतात. मागे एका आईने वेगळाच प्रश्न विचारला. "पोरगं आत आहे. लई खोकतंय म्हणे. कोरोनात सोडत होते तसं आता सोडतील का?" प्रश्न कायद्याचा वाटतो, पण तो आरोग्याचाही आहे. म्हणून या वेळचे पान त्यासाठी दिले आहे.

आधी सरळ उत्तर. कोरोनाकाळातली ती सवलत आता संपली आहे. पण आजारी बंद्याचा हक्क संपलेला नाही. त्या काळात न्यायालयांनी काय केले हे समजून घेतले, तर आज काय मागायचे तेही समजेल.

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची मंजूर क्षमता सुमारे ८०० बंद्यांची. २०२० साली तिथे अडीच हजारांहून अधिक माणसे होती. अंगाला अंग लावून झोपायचे, नळ आणि संडास सगळ्यांचा एकच. अशा बराकीत सहा फूट अंतर कुठून आणायचे? मे २०२० च्या पहिल्या पंधरवड्यातच तिथल्या दीडशेहून अधिक बंद्यांना लागण झाल्याचे उघड झाले. शिपाई रोज घरी जातो, नवा बंदी आत येतो, सुटलेला वस्तीत परततो. म्हणून तुरुंगातली साथ तुरुंगापुरती राहत नाही.

गर्दी असते कुणाची? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१९ च्या आकड्यांनुसार देशभरातल्या तुरुंगांत १०० जागांमागे ११८ बंदी होते. दर दहांतले जवळजवळ सात कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. या कच्च्या कैद्यांत साधारण पाचातला एक अनुसूचित जातीचा. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेली मुले आपल्याही वस्त्यांत आहेत.

१६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुणी याचिका करण्याची वाट न पाहता हा विषय स्वतःहून हाती घेतला. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने २३ मार्चला आदेश दिला की प्रत्येक राज्याने उच्चाधिकार समिती नेमावी आणि कोणत्या बंद्यांना तात्पुरता जामीन किंवा पॅरोल देता येईल ते ठरवावे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतले बंदी हे त्यात उदाहरण म्हणून दिले होते. या सगळ्यामागे संविधानाचे कलम २१ आहे. तुरुंगात गेलेल्या माणसाचे स्वातंत्र्य जाते, जगण्याचा हक्क जात नाही.

मात्र सगळ्यांना सोडा, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. १३ एप्रिलला त्याने तसे स्पष्टच केले. एका पारड्यात बंद्याचा जीव होता. दुसऱ्या पारड्यात प्रश्न होते. सुटलेला माणूस परत येईल का? साक्षीदारांना धमकावील का? टाळेबंदीत घरी पोचेल कसा? म्हणून लागण झालेल्याला तसेच सोडू नका, त्याच्यावर उपचार करा आणि सुटलेल्यांना सुखरूप घरी पोचवा, असेही न्यायालयाने सांगितले.

महाराष्ट्रात तेव्हा सुमारे ३५,००० बंदी होते. त्यातल्या जवळपास निम्म्यांना, म्हणजे १७,००० जणांना तात्पुरते सोडण्याचे मे २०२० मध्ये जाहीर झाले. ८ मे रोजी पॅरोलच्या नियमात साथीच्या काळासाठी ४५ दिवसांच्या तातडीच्या रजेची तरतूद आली. जास्त शिक्षेच्या बंद्यांसाठी अट होती की मागच्या दोन रजांवरून तो वेळेवर परतलेला असावा. मग जो कधी रजेवर गेलाच नव्हता त्याचे काय? तेवढ्या कारणावरून अर्ज फेटाळणे बरोबर नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले. इथेच आपल्यासाठी पहिला धडा आहे. आदेश निघाला म्हणून दार आपोआप उघडत नाही. अर्ज करावा लागतो, तो फेटाळला तर वर जावे लागते.

मोक्का, यूएपीए यांसारख्या विशेष कायद्यांखालचे बंदी या सवलतीबाहेर राहिले. आजाराला मात्र कलमे कळत नाहीत. डॉ. आनंद तेलतुंबडे यांच्या वतीने वय आणि साथीचा धोका न्यायालयापुढे मांडला गेला होता, तरी १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशीच, त्यांना शरण जावे लागले. त्यांना उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्याच प्रकरणातले कवी वरवरा राव यांना फेब्रुवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने प्रकृतीच्या कारणावरून सहा महिन्यांचा जामीन दिला. फादर स्टॅन स्वामी यांना कंपवात होता, वय ८४. जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आजारी माणसाच्या बाबतीत उशीर हाच एक निकाल ठरतो, हा दुसरा धडा.

दुसऱ्या लाटेत, ७ मे २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आधी सुटलेल्यांना पुन्हा सोडायला सांगितले. शिवाय सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी उगाच अटक करू नये, या २०१४ च्या निर्णयाची आठवण दिली. गर्दी कमी करायची तर आत जाणाऱ्यांची संख्याही कमी हवी. पुढे २४ मार्च २०२३ रोजी सवलत संपली आणि सर्वांना १५ दिवसांत हजर व्हायला सांगितले गेले. शिक्षा झालेल्यांनी साथीच्या पॅरोलवर बाहेर काढलेले दिवस शिक्षेत धरले जात नाहीत, असेही सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्यानंतर कुणी अजून हजर झाला नसेल तर लपून राहू नये, वकिलामार्फत हजर व्हावे.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे ही टीबीची लक्षणे असू शकतात. कोंदट बराकीत टीबी झपाट्याने पसरतो. तुरुंग अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, थुंकी आणि छातीच्या एक्स-रेची तपासणी मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आधीचे दवाखान्याचे कागद, गोळ्यांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट यांच्या झेरॉक्स जोडा. दाद मिळाली नाही तर तोच अर्ज वकिलामार्फत न्यायालयात द्या. न्यायालय तपासणीचा अहवाल मागवू शकते, रुग्णालयात हलवायला सांगू शकते.

जामिनासाठीही वाटा आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आजारी, दुर्बल व्यक्ती आणि स्त्रियांचा विचार आहे. कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर तो जामिनाला पात्र ठरतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे किंवा एकाहून जास्त खटले असतील तर हे लागू होत नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी सुटका अडली असेल, तर महिन्याभरानंतर अटी सैल करण्याचा विचार न्यायालयाने करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीतल्या कुणालाही, तसेच अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

आपण नेहमी आरोपीच्याच बाजूला असतो असेही नाही. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात आरोपी जामीन मागतो, तेव्हा पीडित कुटुंबाला नोटीस मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क कलम १५-अ ने दिला आहे. साथ असली तरी तो हक्क सोडू नका. आरोपीला तुरुंगात उपचार मिळावेत आणि आपल्या माणसाला बाहेर संरक्षण मिळावे, या दोन्ही मागण्या एकाच वेळी रास्त आहेत.

कुणी सुटून घरी आला तर त्याला टोमणे मारण्याआधी दवाखान्यात न्या. टीबीच्या गोळ्या आत सुरू झाल्या असतील तर एक दिवसही खंड पडू देऊ नका, त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकदमच औषध लावा.

त्या आईला आम्ही एवढेच सांगितले: मुलाचे जुने रिपोर्ट शोधा, अर्ज आपण बसून लिहू. ज्यांना गरज असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर कागद घेऊन या. जयभीम.