फॉर्च्युनरआधी कठडा

रविवारी, 9 नोव्हेंबर 2025 ला, सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्यात बोरगावच्या माळावर ‘श्रीनाथ केसरी’ बैलगाडा शर्यत झाली आणि ‘हेलिकॉप्टर बैज्या’ व ‘ब्रेक फेल’ या जोडीने फॉर्च्युनर मारली, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गाडीची किंमत काय, बैलांना किती लाखांची मागणी आली, व्यासपीठावर कोण बसलं होतं, यावर आठवडाभर चर्चा झाली. ज्या गर्दीमुळे ही बक्षिसं परवडतात, तिच्याबद्दल मात्र चार वाक्यंसुद्धा कुणी बोललं नाही. माणसं जिल्हे ओलांडून आली, रात्रभर प्रवास करून पहाटे माळावर पोचली आणि जिथे पाय टेकेल तिथे दिवसभर उभी राहिली. महाराष्ट्रातल्या या खेळाला आता मोठ्या बक्षिसांची गरज उरलेली नाही. परगावाहून येणाऱ्या प्रेक्षकाला सुखरूप बघता येईल अशा मैदानांची गरज आहे, आणि ती आजवर कुणी गंभीरपणे घेतलेली नाही.

या प्रेक्षकाला गावोगावी शौकीन म्हणतात. त्याच्या दावणीला बैल असतोच असं नाही. बऱ्याचदा तो चाकणच्या नाहीतर शिरवळच्या कारखान्यात पाळी करणारा असतो. त्याचं वर्ष जत्रांवर चालतं. डिसेंबरात सेवागिरी महाराजांची पुसेगावची यात्रा, पौष पौर्णिमेला थापलिंगचा खंडोबा, मग चैत्र-वैशाखात रोज कुठे ना कुठे मैदान. त्याला प्रत्येक जागेचा स्वभाव माहीत असतो. खेड, आंबेगाव, जुन्नरकडे घाट चढाचा. तिथे चार बैल जुंपतात, मागे धुरेची जोडी, पुढे जुकाटाची, आणि त्यांच्याही पुढे घोडी पळते. गाड्यावर माणूस नाही. एका वेळी एकच बारी सुटते आणि शर्यत घड्याळाशी असते. अकरा, बारा, तेरा सेकंदांत सगळा खेळ आटोपतो. सातारा-सांगलीकडे सपाट रान, दोन बैलांची हलकी छकडी, वर कासरा धरलेला ड्रायव्हर (हा शब्द तिकडे आता पुरता मराठी झाला आहे), आखलेल्या पट्ट्यांतून एकदम सुटणाऱ्या गाड्या, आणि गट, सेमीफायनल, फायनल अशी चढती भाजणी. अलिबाग-मुरुडकडे ओहोटीच्या पुळणीवर गाड्या पळतात. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे तिकडची बैलांची शर्यत, आहे. ज्याने ही चारही ठिकाणं पाहिली, त्याला मातीचा घट्टपणा, वाऱ्याची दिशा, पट्टीची बाजू यावरून निकालाचा अंदाज बांधता येतो. क्रिकेटचा जाणकार खेळपट्टी वाचतो, तितक्याच गंभीरपणे हा माणूस माती वाचतो, आणि त्या जाणतेपणाला मान मिळायला हवा.

खेड तालुक्याकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. एकाच तालुक्यात चाकणची औद्योगिक वसाहत आणि निमगावच्या खंडोबाचा घाट. देशातल्या वाहन उद्योगाचा मोठा हिस्सा जिथे उभा आहे, त्या पट्ट्यात मोटार शर्यतींचं पूर्ण आकाराचं कायमस्वरूपी सर्किट बराच काळ नव्हतं. फोक्सवॅगनने 2010 मध्ये पोलो कप सुरू केला तेव्हा पोलो बनत होती चाकणला आणि पळत होती चेन्नई-कोइम्बतूरला. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि तिथून चांगले चालक निघाले. 2024 च्या जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात माती आणून सुपरक्रॉसची फेरी झाली, बाकी डर्ट ट्रॅकचे तुरळक कार्यक्रम होतात. वेगाची हौस असलेल्या मराठी तरुणाला घरापासून दोन तासांत बघता येईल अशी शर्यत कुठली, तर बैलगाड्याचीच. बैलांची नावं हेलिकॉप्टर आणि ब्रेक फेल असतात, बक्षिसात दुचाकी, थार आणि जेसीबी असतात, निकालाला सेन्सर आणि कॅमेरा असतो, वर ड्रोन घिरट्या घालतो. यंत्राच्या खेळातलं सगळं या माळावर आलं आहे. फक्त त्या खेळाने प्रेक्षकाच्या सुरक्षेबद्दल जे शिकून घेतलं तेवढं आलेलं नाही.

निकालाची रेषा ओलांडल्यावर काय होतं ते नीट बघायला हवं. ड्रायव्हर कासरा ओढतो, पण भरधाव सुटलेली खिल्लार जोडी रेषेवर थांबत नाही. तिला पुढे बरीच मोकळी जागा लागते. तिथेच बघ्यांची सगळ्यांत दाट गर्दी असते, कारण निकाल तिथे लागतो आणि मोबाइलवर चित्रण तिथलंच घ्यायचं असतं. गर्दी ऐनवेळी फाकते आणि गाडी गेली की पुन्हा मिटते. या फाकण्या-मिटण्यात जो मागे पाहत होता, ज्याचे पाय थकले होते किंवा ज्याला बाजूच्याने ढकललं, तो सापडतो. जखमी झाल्याच्या, कधी जीव गेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात आणि ‘शर्यतीला गालबोट’ या ठरलेल्या मथळ्याखाली विरून जातात. गालबोट हा शब्द इथे चुकीचा आहे. जी गोष्ट मैदानाच्या रचनेमुळे पुन्हा पुन्हा घडते, तिला अपवाद कसं म्हणायचं?

मोटार शर्यतींनी हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. 11 जून 1955 ला ल मां येथे एक मर्सिडीज प्रेक्षकांच्या बांधावर आदळून फुटली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. स्वित्झर्लंडने सर्किटवरच्या शर्यतींवर बंदी घातली ती कित्येक दशकं टिकली. 1986 च्या पोर्तुगाल रॅलीत लोक रस्त्यावरच उभे राहायचे, गाडी जवळ आली की बाजूला व्हायचे, काही जण तिला हात लावायचेसुद्धा. एक फोर्ड त्यांच्यात घुसली, तिघे मेले, कंपन्यांच्या चालकांनी पुढे धावायला नकार दिला. त्याच वर्षी कॉर्सिकात आणखी एक अपघात झाला आणि ‘ग्रुप बी’ नावाचा तो सगळा वर्गच बंद पडला. आपल्याकडेही उदाहरण आहे. मद्रासजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत आणि शहर तिथे लोटायचं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने पुढे इरुंगट्टुकोट्टईला स्वतःची जागा घेऊन 1990 मध्ये सर्किट उभं केलं. गाड्या सुटतात कुठे, थांबतात कुठे, लोक बसतात कुठे, याचा विचार जमिनीवर रेघा मारतानाच करता आला तो या स्थलांतरामुळे.

यावर पहिला आक्षेप येईल तो खर्चाचा: इथे गावकी वर्गणीतून जत्रा करते, तिला सर्किट कसं परवडणार? पण कुणी पाच किलोमीटरचं बुद्ध सर्किट मागत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम शहरात बोमन ग्रे नावाचं स्टेडियम आहे. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा, म्हणजे सुमारे 400 मीटरचा ट्रॅक. 1949 पासून तिथे उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री नॅसकारच्या स्थानिक शर्यती होतात. मैदान नगरपालिकेचं, चालक आसपासच्या गॅरेजांतले, प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्यांचे. अशा छोट्या ट्रॅकांवर हिंडणाऱ्या रसिकांची अमेरिकेत वेगळी जमातच आहे, आपल्या शौकिनांसारखी. त्या जागेला थाटमाट नाही, पण ट्रॅक आणि माणूस यांच्यामध्ये भिंत आहे. आपल्याला लागणार ते असंच थोडं आहे: दोन्ही बाजूंना पक्का कठडा, रेषेपुढे बंदिस्त आणि रिकामी ठेवलेली मोकळी पट्टी, रुग्णवाहिकेसाठी कायम खुली वाट, बसायला मातीचे टप्पे आणि वर सावली. पहिल्या क्रमांकाला फॉर्च्युनर देऊ शकणाऱ्या आयोजकाने पैशाचं कारण सांगू नये. दोन-चार लहान गावांनी मिळून एकच मैदान पक्कं करावं.

दुसरा आक्षेप जवळिकीचा आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. शौकिनाला बैलाच्या नाकपुडीचा आवाज ऐकायचा असतो, गुलाल अंगावर पडायला हवा असतो. कठडा घातला की जत्रेचं स्टेडियम होईल, असं तो म्हणतो. त्याचं दुःख खरं आहे. पण चढाचा घाट असेल तर दोन्ही अंगांच्या टेकाडांवर टप्पे पाडता येतात, आणि माणूस जितका वर बसेल तितकी बारी त्याला जास्त दिसते. आज पुढच्या पाच रांगा सोडल्या तर बाकीच्यांना काय दिसतं? पुढच्यांच्या टोप्या, उडालेला धुरळा, आणि निवेदकाच्या आवाजावरून बांधलेला अंदाज. ज्याला जवळीक म्हणायचं, ती मिळते थोड्यांना आणि तिचा धोका असतो सगळ्यांना.

परगावाहून आलेल्याची सोय ही आपल्याकडे कधीकाळी मोठ्या कर्तृत्वाची गोष्ट मानली जायची. बोरगावची शर्यत झाली त्याच आठवड्यात, 5 तारखेच्या कार्तिकी पौर्णिमेला, काशीत देवदीपावली झाली आणि पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जाणारा दगडी हजारा दीपस्तंभ उजळला. घाटावरचं बिंदुमाधवाचं आजचं मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींचं. नदीचा तो काठ मुळात तीव्र उताराचा, पावसाळ्यात गाळाने भरणारा, परक्या माणसाला धोक्याचा. पायऱ्या, ओवऱ्या आणि दिवे बांधले म्हणून तो एवढी गर्दी पेलतो. तिथेही चेंगराचेंगरीची भीती असते आणि पोलिसांना बंदोबस्त लावावाच लागतो. पण पायाखाली दगड आहे, उतरायची आणि चढायची वाट ठरलेली आहे. ज्या औंधकरांनी शेकडो कोसांवरच्या यात्रेकरूचा एवढा विचार केला, त्यांचं औंध खटाव तालुक्यातलं. पुसेगावही त्याच तालुक्यातलं.

प्राण्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आक्षेप सगळ्यांत मूलभूत आहे: ज्या खेळात बैलाला त्रास होतो, त्याच्या प्रेक्षकाला सोयी देऊन तो खेळ पक्का का करायचा? खिळे, शॉक, शेपट्या पिरगाळणं हे घडत होतं, आणि नजर हटली तर पुन्हा घडेल. ते नाकारण्यात अर्थ नाही. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या त्या याच कारणांनी. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा बदलला, उच्च न्यायालयाने तो रोखला, 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. बंदीच्या त्या साडेसात वर्षांत शर्यती पूर्ण थांबल्या नव्हत्या. आडरानात, चोरून होत राहिल्या, आणि तिथे बैलाला पशुवैद्य नव्हता की माणसाला रुग्णवाहिका. ठरलेली जागा, ठरलेला कठडा, कॅमेऱ्याची नजर आणि जागेवर बसलेला प्रेक्षक असेल तर बैलावरचा अत्याचार लपवणं अवघड जातं. गर्दीच्या भिंतीकडे धावणारा बैलही बिथरतो, पाय मोडून घेतो. माणसाला मागे सरकवण्यात बैलाचंही हित आहे.

‘लोकच ऐकत नाहीत’ हे आयोजकांचं नेहमीचं उत्तर. पोर्तुगालमध्येही हेच म्हणत होते. लोकांना सूचना कळत नाहीत असं नाही. हलणारी दोरी आणि हाताची साखळी करून उभे असलेले स्वयंसेवक हा अडसर त्यांना खरा वाटत नाही, कारण तो खरा नसतोच. निवेदकाने शंभर वेळा ‘मागं सरा’ म्हणण्यापेक्षा छातीएवढा लोखंडी कठडा जास्त ऐकवतो. आणखी एक गोष्ट: आज या गर्दीत बाया आणि लहान मुलं फार कमी दिसतात. जत्रेला घर सगळं येतं, पण मैदानाकडे पुरुषच जातात. बाकीची माणसं देवळापाशी नाहीतर पाळण्यांपाशी थांबतात. बसायला सुरक्षित जागा आणि स्वच्छतागृह एवढं झालं, तरी शौकिनाची बायको, बहीण, मुलगीही मैदानात येईल. घरच्या दावणीला बैल असेल तर त्याला चारा-पाणी बऱ्याचदा त्याच करतात.

यासाठी नव्या कायद्याची वाट बघायला नको. 2017 च्या दुरुस्तीत शर्यतीच्या व्याख्येतच लिहिलं आहे की ती जिल्हाधिकाऱ्यांनी आधी मंजूर केलेल्या जागीच व्हावी. आज ही मंजुरी मुख्यतः बैलांच्या अंगाने तपासली जाते: पल्ला हजार मीटरच्या आत आहे ना, पशुवैद्यकाचा दाखला आहे ना. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ सर्किटांना जशा श्रेणी देतो, तशा प्रत्येक जिल्ह्याने आपल्या घाटांना आणि मैदानांना द्याव्यात, किती प्रेक्षकांची जागा ते ठरवून यादी जाहीर करावी, आणि ज्या मैदानात रेषेपुढची पट्टी मोकळी नाही त्याला त्या वर्षी मंजुरी देऊ नये. पुसेगावची यात्रा दरवर्षी भरते. साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना सुरुवात तिथूनच करता येईल.